फटकीचा गोल

आधी मी त्यांना विधानं दाखवली होती.
उलटा टांगलेला ए, पाठ फिरवून बसलेला ई,
'प्रत्येक क्ष साठी असा किमान एक य, की...'
टेंभुर्णे मापाऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
परत लावला
आणि विचारलं,
"याच्यात मिरची कुठं हाय जी?"

मिरची नव्हती.
परसोडीच्या आयटी पार्कात, काचेमागच्या गारव्यात बसून
तीन महिन्यांत मी मिरचीचं अख्खं जग लिहिलं होतं,
दोनशे अकरा विधानांत,
एकही शिंक न देता.

म्हणून मग मार्चमध्ये, सकाळी अकराच्या उन्हात
कळमन्यामागच्या सातऱ्यावर
काट्याच्या शेडचा पत्रा हाच फळा.
खडूनं एक मोठा गोल: मिरची.
त्याच्या पोटात एक लहान: भिवापुरी.
पोटात आहे, म्हणजे जी जी भिवापुरी, ती ती मिरची.
पलीकडे, मध्ये वीतभर पत्रा कोरा सोडून,
तिसरा: फटकी.
एकमेकांना न शिवणारे गोल,
म्हणजे यातलं त्यात कधीच काही नाही.
मग एक बाण. देठाकडून मिरचीकडे.
बाणावर लिहिलं: चा भाग.

मी अर्थ सांगायला वळलो
तर कुणाला तो नकोच होता.
नाकावर पदर बांधलेल्या तीसेक बायका
हात न थांबवता पत्र्याकडे बघत होत्या,
सोयरीक जुळवताना पाहुण्यांकडे बघावं तशा.

भागरताबाई गजभिये उठल्या.
बोटांना खोबरेल तेल, तेलाखाली आग.
"फटकी काहून तिकडं फेकली जी?"
म्हटलं, ती बाद माल ना. मिरचीत धरत नाहीत.
"बाद कोनासाठी? शेठसाठी.
संध्याकाळी तिचीच पोती भरते, मसालेवाल्याकडं जाते.
अन् माह्या घरचं सालभराचं तिखट
कायचं असते, वाटते तुमाले?"
पदराच्या टोकानं त्यांनी माझा तिसरा गोल पुसला
आणि नवा काढला, वाकडा,
अर्धा मिरचीच्या आत,
अर्धा बाहेर.

विधान क्रमांक एकशे सदतीस.
दोन तज्ज्ञांनी तपासलेलं, तीन महिने बिनचूक.
पत्र्यावर ते
पाच मिनिटं टिकलं.

मी खडू मागायला हात पुढे केला.
त्यांनी दिला नाही.
"अन् हा देठ. लागून हाय तवर भाग, हाव.
खुडला का मंग तो मिरचीचा नाई राहत.
मंग तो आमचा रोज होते."
आणि देठापासून त्यांनी दुसरा बाण ओढला,
भिवापुरीला वळसा घालून, मोठ्या गोलाची रेघ ओलांडून,
ओढतच गेल्या
पत्र्याच्या गंजक्या कडेपर्यंत, जिथे काहीच नव्हतं.
तिथे थांबून मागे पाहिलं.
"इथं आमचा गोल पाह्यजे होता ना?"

रंग होता माझ्या जगात, ओलावा होता,
पोत्याचं वजन, अडत, शीतगृहाचं तापमान,
व्यापाऱ्याच्या परवान्याचा नमुनासुद्धा.
देठ आपोआप खुडले जात होते.

मागून कुणीतरी हसलं. मग ट्रॅक्टर आला,
टेंभुर्णे काट्याकडे धावले,
खडू मिरचीच्या ढिगात पडला, सापडला नाही.
मी पत्र्याचा फोटो काढला, निम्म्यावर ऊन चमकलेलं.

रात्री त्रिमूर्ती नगरच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत
वाकडा गोल मी पुन्हा उलट्या ए-मध्ये बसवला.
बसला. यंत्राला वाकडेपणाशी देणंघेणं नसतं.
मग बाणाचं टोक.
यंत्र विचारू लागलं: नव्या वर्गाचं नाव?
मजूर, लिहिलं. खोडलं.
खुडणारी, लिहिलं.
त्या स्वतःला काय म्हणतात
हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

चौकट रिकामी ठेवली. शर्ट काढून झटकला,
आणि शिंका सुरू झाल्या,
एकामागून एक, थांबेचनात.