जुलैच्या आधीचे गुरुवार

ब्रिस्टलला, ईस्टनमधल्या एका लॉन्ड्रीवर
एक खोली आहे. खालची यंत्रं फिरू लागली
की वर टेबलावरचे कप किणकिणतात.
दर गुरुवारी तिथे दहा-बारा बायका येतात,
कधी चारच.
मी इथल्या दवाखान्यात सुईण, मूळची मिरजेची.
मला शरीराचा तक्ता घेऊन बोलावलं होतं.
पहिल्या दिवशी तक्ता कुणी पाहिलाच नाही.
चहात वेलची जास्त झाली, यावर तासभर बोलणं झालं.

माझ्या फॉर्मवर एक प्रश्न असतो.
वजन, उंची, साखर, आणि मग तो.
तो विचारताना मी पेनाकडे बघायचे.
होदान म्हणाली, पेन खाली ठेव.
पेनाला काय सांगायचं आम्ही?

एकदा तिनंच विचारलं,
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
मी शोधलं. आईनं दिलेल्या शब्दांत तो नव्हता.
आम्हाला तर महिन्याच्या रक्तासाठीसुद्धा
कावळा लागतो.
कावळा शिवला म्हणायचं, की विषय संपला.
बायका हसल्या, मशीन थांबेपर्यंत हसल्या.
इदिल डोळे पुसत म्हणाली,
आमच्याकडे पक्षी नव्हता.
आम्ही म्हणायचो, शुद्ध केलं.

त्यानंतर वेलचीचा विषय निघाला नाही.

दाराजवळच्या खुर्चीवर दहाबो बसायच्या,
होदानच्या सासूबाई. सत्तरीच्या,
गुडघ्याला लोकरी पट्टा. कोट काढायच्या नाहीत,
जणू बस यायचीच आहे.
त्यांच्या हातांबद्दल सगळ्यांना माहीत होतं.
बुराओला याच हातांनी किती मुली,
ते मोजलेलं नव्हतं कुणी.
त्यांच्यासमोरच सून सांगायची
पहिल्या बाळंतपणाचे छत्तीस तास,
आणि लघवीला लागायचा तो वेळ,
शाळेत बाई ओरडायच्या, इतका वेळ करत काय होतीस?
दहाबो सांबुसा खायच्या.
दुसरा कागदात गुंडाळून घ्यायच्या.

जून आला. आम्हाला जून कळतो आता.
'सुट्टीत मला तिकडे मोठी करणार आहेत'
असं एखादी मुलगी वर्गात सहज सांगते,
आणि शिक्षिका फोन उचलते.
कधी उचलत नाही.

होदानच्या नणंदेनं तिकिटं काढली होती.
तिची सागल सात वर्षांची,
पुढचे दोन दात पडलेले.
पोलिसांत जायचं कुणी? घरातलीच ती.
होदानचा नवरा म्हणाला, बायकांचं बायकांनी बघावं.
आम्ही नंबर गोळा केले, वकील शोधली,
एकेक कागद चार-चार दिवस अडकला.

आणि निघायच्या सकाळी
सागलचा पासपोर्ट सापडेना.
गाद्या उलटल्या, कपाटं उपसली,
टॅक्सी हॉर्न वाजवून निघून गेली.

पुढच्या गुरुवारी दहाबोंनी कोट काढला.
खुर्ची ओढत टेबलापर्यंत आणली.
त्या बोलत होत्या, होदान मला अर्थ सांगत होती,
मध्येच तिचाही आवाज अडकला.
तांदळाच्या डब्यात आहे. तळाशी.
रोज त्यातूनच लेकीला भात करून घालते,
आणि ती माझ्याशी बोलत नाही.

मग त्यांनी हात टेबलावर ठेवले.
कुणी ते हातात घेतले नाहीत.
कुणी उठूनही गेलं नाही.
इदिलनं बशी जराशी
त्यांच्याकडे सरकवली.
खाली कुणाचे तरी कपडे धुऊन झाले,
कप गप्प झाले.

दहाबो म्हणाल्या, तो तक्ता आणा.
मला दाखवा, मी काय कापत होते.