स्प्रिंकलरची बाजू

वेंडेल ऑर्कटची गाडी सहा वर्षं
एकाच अंगानं भिजते आहे.
पहाटे साडेचारला स्प्रिंकलर उठतो,
दोन हात गवताला पाणी पाजतो
आणि उरलेलं, सवयीनं,
ड्रायव्हरच्या दारावर फेकतो.
मग टुसॉनचं ऊन येतं.
पाणी उडून जातं, हाडं मागे राहतात.

उजवी बाजू कालच शोरूममधून आल्यासारखी.
डावीवर देवीचे वण.

आधी हात फिरव, भावानं शिकवलं होतं.
बोटाला लागतो तो डाग अजून पाहुणा आहे.
डोळ्याला दिसतो पण बोटाला लागत नाही
तो घरात शिरला.

गाडी सावलीत घेते. पत्रा निवू देते.
तापल्या पत्र्यावर व्हिनेगर म्हणजे
नवराबायकोच्या भांडणात शेजारी.
अर्धं व्हिनेगर, अर्धं डिस्टिल्ड पाणी,
फडकं भिजवून दारावर पसरते
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसं.
दोन मिनिटं. जास्त नाही.

वेंडेल खुर्ची ओढून बसलाय.
एक्याऐंशी वर्षांचा, शर्टाच्या खिशात टायर-गेज.
एकतीस वर्षं कालव्याच्या पंपावर होता.
नदी तीनशे मैल वाळवंटातून,
तीही चढानं,
इथवर आणायची, ही त्याची नोकरी.
"समुद्राला मिळत नाही ती आता," तो म्हणतो.
"वाटेतच वाळूत जिरते.
माझ्या दारी मात्र रोज येते, बघ."
आणि एका पांढऱ्या कड्यावर नख टेकवतो.
"हा डोंगर आहे, ओडिलिया. चुनखडीचा.
विरघळून आलाय. मीच वर चढवला."

मी फडकं उचलते.
डोंगर निघतो. थोडासा राखाडी मळ,
पिळला की बादलीत दिसतसुद्धा नाही.

जे हटत नाहीत त्यांच्यावर क्ले,
कणकेच्या गोळ्यासारखी चेपून.
आधी किसकिस वाजते,
मग वाजायची थांबते.
या थांबण्याचेच पैसे घेते मी.

बॉनेटच्या कडेला सात डाग आत गेलेले.
मशीन लावलं तर जातील, म्हटलं,
पण वरचा थर पातळ होईल, आणि मशीनचे वेगळे.
"नको. विकायची थोडीच आहे गाडी,
मेरिडथ काहीही म्हणो."

मेरिडथ त्याची मुलगी. पैसे तीच पाठवते.
निरोपात लिहिलं होतं: फोटोत चांगली दिसायला हवी.

काचा शेवटी. सगळ्यात बारीक स्टीलवूल,
ओलं करून, हाताचं वजन न टाकता.
पुढची काच मी दोनदा केली.
आत बसून बघितली, बाहेरून, तिरकी,
मान वाकडी करून उन्हासमोर.
हवेसारखी झाली होती. एक माशी येऊन आपटली.

वेंडेल स्टिअरिंगमागे बसला.
"इथे एक राहिलाय," तो म्हणाला.
कुठे?
"हा इथे. मधोमध."
मी पुसलं.
"नाही, आता जरा डावीकडे."
मी डावीकडे पुसलं.
"सरकतोय," तो म्हणाला, आणि मग काही म्हणाला नाही.

स्वच्छ काचेवर मी आणखी थोडा वेळ फडकं फिरवत राहिले.
हात थांबवायला जमेना.

त्यानं एक डोळा मिटला.
मग तो उघडून दुसरा मिटला,
पंपाचा काटा वाचणाऱ्या माणसाच्या सावकाशीनं.
"काचेचा नाही हा," तो म्हणाला.
किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवली.
"व्हिनेगर नाही ना चालत याला?"

डॉक्टर काढतात, मी म्हटलं. माझ्या मावशीचा काढला.
अर्ध्या तासाचं काम.
"मशीननं?"
मशीननं.
"वेगळे पैसे," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो,
तो जरा आधी थांबला.

निघताना पेचकस घेतला,
गवतात गुडघे टेकून
स्प्रिंकलरचं तोंड फिरवलं, कुंपणाकडे.
याचे पैसे लावले नाहीत.
मेरिडथला फोटो पाठवले, उजव्या बाजूचे, डाव्या बाजूचे.
खाली लिहिलं: गाडी झाली.
मग ते खोडून, फोन करा, एवढंच लिहिलं.