चौदावं पान, तिसरा शब्द

नोवी सादच्या नायलॉन बाजारात, रविवारी,
जुने बूट, नळाच्या तोट्या आणि लसणाच्या माळा यांच्या मधे
ग्रुयित्सा बसायचा पत्र्याच्या टेबलामागे.
समोर बुटांच्या खोक्यात उभ्या लावलेल्या फ्लॉप्या,
प्रत्येकीवर निळ्या शाईत नाव, चुकलेल्या स्पेलिंगसकट.

ते निर्बंधांचं वर्ष होतं.
दुकानं उघडी होती, फळ्यांवर नुसतं व्हिनेगर.
सकाळचे दिनार संध्याकाळी
काडेपेटीलाही पुरायचे नाहीत.
मूळ प्रत घ्यायची म्हटली असती
तरी आम्हाला विकणार कोण होतं?
हे मी पुढे बरीच वर्षं सांगत आले.
खरंही आहे.
पण तेव्हा हे मनात आलं होतं का?
नाही. तेव्हा फक्त फ्लॉपी हवी होती.

खेळ दीपगृहाचा.
एक राखणदार, एकशे बारा पायऱ्या, वादळ,
आणि दिवा विझू द्यायचा नाही, एवढंच.
सुरू होण्याआधी मात्र पडदा काळा व्हायचा
आणि विचारायचा:
पुस्तिकेचं चौदावं पान, तिसरा शब्द?
ज्याच्याकडे पुस्तिका, तो मालक.
आमच्याकडे ग्रुयित्साची चिठ्ठी,
कार्बनची, चाळीस शब्दांची, वेगळे पैसे घेऊन दिलेली.
मी आणि मिलोये, आम्ही ती प्रार्थनेसारखी पाठ केली:
अँकर, सॉल्ट, विक, ऑइल.
विक म्हणजे वात, हे मला विसाव्या वर्षी कळलं.
चोरी आधी पाठ झाली,
अर्थ मागून आला.

आता मी गाण्यांचे पैसे भरते, सिनेमांचे भरते,
न पाहिलेल्या सिनेमांचेसुद्धा.
म्हणतात, चोराच्या मनात चांदणं.
माझ्या मनात दीपगृह आहे:
बराच वेळ अंधार, मग एकदम तोंडावर उजेड,
मग पुन्हा बराच वेळ काही नाही.

भाचा ओग्न्येन म्हणाला, कंपनीच बुडाली, मावशी,
बुडालेल्याच्या घरी कसली चोरी?
मिलोये लिंत्सहून फोनवर हसला,
ट्रकचं इंजिन चालूच होतं:
तीस वर्षांनी कानाला खडा लावतेस?

मी शोधलं.
खेळ बनवणारा माणूस, ताउनो हाउताला,
फिनलंडच्या किनाऱ्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
त्याला पत्र लिहिलं, पैसे पाठवले.
तेव्हाची किंमत, वर व्याज.
व्याज किती धरावं हे मात्र कळेना.
किती संध्याकाळी खेळलो ते मोजावं,
की बाहेर दिवे गेलेले असताना
शेजाऱ्याच्या जनरेटरवर तो एक दिवा
आम्ही किती वेळा पेटता ठेवला, ते?
शेवटी आकडा शंभरात नेऊन सोडून दिला.

उत्तर अकरा दिवसांनी आलं, चार ओळींचं.
पैशांबद्दल अक्षर नाही.
तुमची फ्लॉपी अजून चालते का?
माझ्याकडे एकही प्रत उरलेली नाही.
गोदामात पाणी शिरलं होतं.

चालत होती.
तीच चोरी मी दुसऱ्यांदा उतरवून घेतली,
या वेळी मालकासाठी,
आणि हात पहिल्यापेक्षा जास्त कापला.
वाटलं होतं, आता हलकं वाटेल.
बुटांच्या खोक्यातून जगलेली वस्तू
घरी परत चालली होती.
पण ग्रुयित्साने ती जपण्यासाठी विकली नव्हती,
मीही वाचवण्यासाठी घेतली नव्हती.
पुराला पूल सापडला,
म्हणून पूर काही पुण्यवान होत नाही.

रात्री त्याचा निरोप आला:
पडदा काळा झालाय. शब्द विचारतोय.
पुस्तिका मीच लिहिली होती, पण आता आठवत नाही.
चौदावं पान.

चिठ्ठी कपाटात होती. मी उठले नाही.
लिहिलं: वात.
मग खोडून, त्याच्या खेळाला कळेल असं,
ग्रुयित्साच्या स्पेलिंगमधे नाही, बरोबर लिहिलं.

बऱ्याच वेळाने तिकडून फोटो आला,
टेबलावर तेलाचे डाग, जाड चष्मा,
आणि पडद्यावर पहिली पायरी.

पैसे त्याने ठेवून घेतले.
परत केले असते
तर मला झोप लागली नसती.