एक वायसर जास्त

खोललं होतं दस्तगीर मेस्त्रींनी, दिवाळीच्या आधी,
नाना पेठेतल्या त्यांच्या दुकानात.
मग दुकान गेलं, आणि हात थरथरायला लागले.
आधी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.
एके दिवशी रिक्षातून उतरले, माझ्या येझदीचा गिअरबॉक्स
युरियाच्या पोत्यात घालून.
म्हणाले, ताई, जोडायचं तुम्ही. मी बसतो.

तर बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये,
मटाराच्या पिशवीला टेकून.
केसिंग ओव्हनमध्ये, ज्यात आजवर
एकच केक केला, तोही बसला.
रविवार, सहकारनगर. खाली कुणीतरी कार धुतंय
आणि पाण्यावरून कुणीतरी त्याला बोलतंय.
मेस्त्री म्हणाले, थुंकून बघा, तापलंय का.
थुंकले. स्वतःच्या स्वयंपाकघरात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.
चर्र.
टाका आता.
गार बेअरिंग गरम घरात उतरलं, टक,
हातोडी न लावता.
मेस्त्रींनी डोळे मिटले होते. आवाज बरोबर होता.

बत्तीस वर्षं मी टेलिफोनच्या नोकरीत
लोकांची बोलणी जोडून दिली,
काय बोलले ते कधी ऐकलं नाही (थोडं ऐकलं).
रात्रपाळीला याच गाडीवर, पदर खोचून.
एकच दांडा: आत दाबून वर उचलला की किक,
परत खाली टाकला की गिअर.
कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं.

मेन शाफ्ट. ले शाफ्ट. फोर्क खाचेत.
तिसऱ्याचा एक दात कोपऱ्याला गोल झालाय,
तो कात्रजच्या घाटाचा, आणि माझ्या घाईचा.
सर्क्लिप उडाली ती थेट गव्हाच्या डब्यामागे;
पाऊण तास गेला, दोन जुनी चिल्लर नाणी सापडली,
आणि ती.
हळू घ्या, मेस्त्री म्हणाले, लोखंड आहे, पळून जात नाही.
चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता
आणि बशीत कपापेक्षा जास्त चहा होता.
मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं,
आणि फोर्ककडे बघत राहिले.

गॅस्केट, दुसरा अर्धा भाग, स्क्रू तिरके तिरके आवळत.
एक. दोन. तीन. चार.
मग मागे, आणि एक-दोनच्या मध्ये कुठेतरी
शाफ्ट मोकळा फिरला. न्यूट्रल.
मी टाळी वाजवणार तेवढ्यात
स्टीलच्या वाटीत दिसला:
एक वायसर. पातळ. नखाएवढा.

काही न बोलता स्क्रू ड्रायव्हर उचलला.
पहिला स्क्रू सैल केला, दुसरा,
तिसऱ्याला मेस्त्री हसायला लागले.
राहू द्या. तो माझ्या खिशातला.
दुकानात नवं पोरगं आलं की हेच करायचो,
वाटीत एक जास्तीचा टाकायचा.
जो खिशात घालून गप्प बसेल
त्याला पंक्चरवर ठेवायचा.

गेले ते. जिना उतरताना कठडा धरून,
मी वरून दिवा दाखवत.
मग ओट्यावर ते अवजड धूड, आणि मी.
ते थकले होते.
थकलेला माणूस काहीही बोलतो.
रात्री अकराला मी सगळे स्क्रू काढले.
मोजलं. यादी करून, परत उलट्या यादीनं.
सगळं जागच्या जागी होतं.
गॅस्केट मात्र फाटलं, मधोमध.

सकाळी फोन केला. मी काही सांगायच्या आत
म्हणाले, उघडलंत ना?
हो.
पंचेचाळीस रुपयाला मिळेल गॅस्केट. दोन आणा.
मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
लाइन चालू होती, ते मला कळतं:
पलीकडे फोन त्यांच्या चष्म्याच्या काडीवर
टिकटिक, टिकटिक आपटत होता.