न उघडणारी खिडकी

किंगहॉर्नच्या फलाटावर सहा सत्तेचाळीसला
आम्ही आठजण असतो.
प्रत्येकाची उभं राहायची फरशी ठरलेली.
माझी कचऱ्याच्या डब्यापासून तिसरी.
आधी कुणाची होती कोण जाणे,
पहिल्या दिवशी मी तिथे उभी राहिले
आणि कुणी काही बोललं नाही,
म्हणून माझी.

समुद्र डाव्या हाताला.
जानेवारीत तो असतो असं धरून चालायचं.
काचेत दिसते ती मीच,
सेंगाआत्याच्या राखाडी कोटात,
केस अजून ओले,
आणि माझ्या कपाळातून सरकत जाणारे
बर्न्टआयलंडच्या गोदीचे पिवळे दिवे.

पगार नाही म्हणत त्याला. मानधन म्हणतात.
त्यातून रेल्वेचा पास वजा केला
की उरतो मान
आणि आठवड्याला चार सँडविच.
पाचव्या दिवशी मी सांगते, आज भूक नाही.

पहिल्या सकाळी आत्याने एक जुनं नाणं दिलं होतं,
तांब्याचं, राजाचं नाक झिजून गेलेलं.
"पूल आला की टाक खाडीत.
मी टाकलं होतं, तुझ्या आजोबांनी टाकलं होतं.
पाण्याचं देणं ठेवू नये."
तिच्या काळी खिडक्या पट्ट्याने खाली ओढायच्या.
माझ्या डब्याला नुसती काच.
पूल आला, लाल लोखंडाचे ते तीन डोंगर,
चाकांचा आवाज एकदम पोकळ झाला,
आणि मी मूठ आवळून बसून राहिले,
रविवारी पोस्टाच्या दारात
कुणी पार्सल घेऊन उभं राहावं तशी.

ऑफिस चौथ्या मजल्यावर. विम्याची कंपनी.
ऑलिव्हर मला म्हायरी म्हणतो.
व्हारी, मी सांगितलं दोनदा,
लिहिताना म, बोलताना व.
तिसऱ्यांदा नाही सांगितलं.
माझं काम जुन्या फायलींना नवी लेबलं लावायचं.
जळालेली गोदामं, फुटलेले बॉयलर,
आणि तळाच्या खोक्यात एक मासेमारी बोट,
फेब्रुवारी अठ्ठावन्न,
नऊ माणसं, दोन पानं.
कुणा बाईने नुकसानीची यादी हाताने लिहिली होती:
किटली एक. बूट, नवे, जोड एक.
ताडपत्री.
पुढे काहीतरी लिहून खोडलेलं.
मी ते उजेडासमोर धरून पाहिलं.
मग लेबल लावलं. सरळ बसलं नाही, पुन्हा लावलं.

नाणं केव्हातरी मार्चमध्ये पडलं,
सीटच्या आणि भिंतीच्या फटीत.
बोटं आत जाईनात.
शेजारचा माणूस पाय आवरून म्हणाला, महत्त्वाचं होतं का?
नाही, म्हटलं, एक पेनी.
त्याने पाय पुन्हा सोडले.

शुक्रवारी ऑलिव्हरने दार लावून घेतलं.
काम छान. जागा मात्र नाही.
"तुझी फाईल आम्ही ठेवून घेऊ."
तिला लेबल कोण लावणार,
विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी परतताना उजेड होता.
ॲबरडोर सोडल्यावर खडकांवर सील पसरलेले,
ओल्या पोत्यांसारखे,
त्यातल्या एकाने मान वर केली
आणि गाडी आहे, बाकी काही नाही, असं पाहून खाली ठेवली.
घरी आत्याने विचारलं, दिवस कसा गेला.
छान, म्हटलं. काम छान.

सोमवारी गजर न लावता जाग आली.
अंधारात पडल्यापडल्या हिशेब केला,
ते नाणं आता दिवसातून कितीदा
पूल ओलांडत असेल, कुठल्या डब्यात,
कुणाच्या मांडीशी.
खालून किटलीची शिट्टी.
"व्हारी, गाडी चुकेल गं!"

पास एकतीस तारखेपर्यंतचा होता.
मी कोट चढवला,
आणि तिसऱ्या फरशीवर जाऊन उभी राहिले.