सुट्टे

मेरेरिडच्या फोनमध्ये आता नऊ ॲप आहेत,
नऊ पासवर्ड, त्यातले तीन एकाच मेलेल्या मांजराच्या नावाचे,
आणि प्रत्येकात थोडे थोडे अडकलेले पैसे:
एकात सव्वाचार पौंड, एकात साठ पेन्स,
जुन्या कोटांच्या खिशांत राहून जातात तसे,
फक्त हे कोट तिच्या कपाटात नाहीत.

आज अबेरगारावच्या बंद पडलेल्या जलतरण तलावामागे
दहावं.

गाडीत अकरा मैल उरलेत, घर एकतीस मैलांवर.
मागच्या सीटवर पियानो जुळवायची हत्यारं
आणि चॅपलवाल्यांनी तपकिरी पाकिटात घालून दिलेल्या
पाच-पाचच्या चौदा नोटा.

यंत्र म्हणतं, कार्ड टेकवा.
टेकवते.
यंत्र म्हणतं, थांबा.
थांबते. मेंढ्या बघतात.
यंत्र म्हणतं, कार्ड वाचता आलं नाही, ॲप घ्या.
ॲपला हवी रेंज, आणि रेंज राहते चढावर,
कबरींच्या वरच्या अंगाला.
तिथे उभी राहून ती जन्मतारीख देते,
गाडीचा नंबर देते, आईचं माहेरचं आडनाव देते,
पंचेचाळीस पौंड ‘राखून ठेवले’ जातात
(कुणासाठी, ते विचारायचं नाही)
आणि धापा टाकत ती खाली येईतो
वेळ संपलेली असते. पुन्हा सुरुवात करा.

हेल्पलाइनवर एक मुलगा. दमलेला, सभ्य.
खांबावरचा क्रमांक सांगाल का?
क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे
एका हरवलेल्या कुत्र्याच्या फोटोखाली गेलेत.
ती खाली जाते, नखाने कुत्रं खरवडते, वर येते,
तोवर मुलगाही हरवलेला.

यंत्र मात्र सगळा वेळ गुणगुणत असतं,
जी आणि जी शार्पच्या मध्ये कुठेतरी.
चाळीस वर्षं कानांवर पोट भरणाऱ्या बाईला
हेच जास्त झोंबतं.
वीज आहे. इथेच आहे, हातभर अंतरावर,
बेसूर, पण भरपूर.
फुकट मागायची सवय नाही तिला,
पण पैसे घ्या हो, पैसे घ्या, म्हणून
एका खांबाची मनधरणी करायची वेळ
त्रेसष्टाव्या वर्षी यावी?

समोरच्या घराचं दार उघडतं.
इदवाल प्रिदर्च, सपाता घातलेला, हातात चहाचा टॉवेल.
‘या आठवड्यातल्या तुम्ही तिसऱ्या,’ तो म्हणतो.
किटली निघते, त्या जागी गाडी लागते,
स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर येते.

चार तास.
फारसं बोलणं होत नाही. टीव्हीवर स्नूकर, आवाज बंद करून.
मग तो चष्मा चढवून मीटरपुढे वाकतो,
बिलाच्या पाठीवर वजाबाकी मांडतो:
नऊ युनिट, तीस पेन्सने, दोन पौंड सत्तर.
राहू द्या हो, असू दे, असलं काही म्हणत नाही.
एवढ्यासाठीच तिला त्याला मिठी मारावीशी वाटते.

ती पाचाची नोट पुढे करते.
तो तंबाखूचा डबा टेबलावर पालथा करतो:
स्क्रू, एक बटण, दोन पौंड.
वरचे तीस पेन्स काही केल्या निघत नाहीत.
दोघं बराच वेळ त्या बटणाकडे बघतात.
मग तो मागच्या दाराने बाहेर जातो
आणि एक अंडं घेऊन येतो.
अजून कोमट.

‘फिटले,’ तो म्हणतो.
‘फिटले,’ ती म्हणते.

ट्यूनिंग फोर्कच्या शेजारी, फेल्टच्या खाचेत
अंडं नीट बसतं.
खांबावर हिरवा दिवा: वापरासाठी उपलब्ध.
चढावर रेंज येते, फोन थरथरतो,
पंचेचाळीस पौंड परत मिळतील
पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत,
आमच्या सेवेला किती तारे द्याल?

ती उत्तर देत नाही.
रस्ता वळणांचा आहे,
आणि शेजारच्या सीटवर तीस पेन्स आहेत.