वाढत्या अंगाची

औलूत एप्रिल. रस्त्यावर अजून
हिवाळ्यात टाकलेली खडी,
चाकाखाली करकरणारी.

वेइक्कोच्या गॅरेजात सायकली
खुंट्यांना उलट्या टांगलेल्या,
सुकत घातलेल्या माशांसारख्या.

तुओमो म्हणतो, सोळा इंची घेऊ.
वाढत्या अंगाची. दोन उन्हाळे तरी जाईल.
पिहला सीटवर चढते:
बूट हवेत, ओठ दाताखाली,
काही बोलत नाही.

वेइक्को पाना खाली ठेवतो.
"कोट मोठा झाला तर बाही दुमडता येते.
जमीन कशी दुमडणार?"

मग बारा इंची. निळी, एका बाजूने पोपडे आलेली,
पेडल उलटं दाबलं की थांबणारी.
दांड्यावर खिळ्याने कोरलेलं नाव.
तो हल्ली रोवानिएमीला ट्रक चालवतो,
वेइक्को सांगतो, आणि घंटी पुसत राहतो
जरा जास्तच वेळ.

पिहलाचे दोन्ही बूट जमिनीला टेकतात.
घंटी ती वाजवत नाही.
आधी ब्रेक. पुन्हा ब्रेक.
थांबता येतं एवढी खात्री झाल्यावर
फाटकाबाहेर पडते
खडीवरून, पाय टेकत, न टेकत,

तुओमोचा हात
सीटपासून वीतभर मागे, रिकामा,
पैसे द्यायचे राहिलेलेच.